मोटारसायकलची बॅटरी आणि मोबाइलची भूक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वायर, फ्यूज आणि बॅटरी यांवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण आमच्या वर्गातील निम्मी मुले आसपासच्या खेड्यांतून मोटारसायकलवर येतात, आणि पुष्कळांच्या हँडलला मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट असते. त्यात वीज कोठून येते असे विचारले, तर उत्तर ठरलेले : "बसवून घेतलंय कोपऱ्यावरून." गावात वीज दिवसाचे काही तास जाते, आणि आता मजुरीचे पैसेसुद्धा मोबाइलवरच येतात, म्हणून हे सॉकेट चैनीची वस्तू राहिलेले नाही. तेव्हा त्याची माहिती करून घ्यावी, हे बरे.

प्रथम हिशोब मांडू. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना १२ व्होल्ट, ३ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे तिच्या पोटात सुमारे ३६ वॅट-तास वीज. आजच्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइलला पूर्ण भरण्यास सुमारे १९ वॅट-तास लागतात. वाटेत उष्णतेच्या रूपाने जाते ती वेगळी. थोडक्यात, इंजिन बंद ठेवून रिकामा मोबाइल पूर्ण भरला, तर गाडीची निम्म्याहून अधिक बॅटरी तो एकटा खातो. एवढ्याशा वस्तूची ही भूक पाहून मी तरी थक्क झालो. इंजिन चालू असताना मात्र गाडीच वीज तयार करते, आणि त्यातून मोबाइलला दहाएक वॅट देणे तिला जड जात नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मोबाइल लावलेला नसतानाही सॉकेट थोडी वीज पीत असते. समजा, त्यातला निळा दिवा आणि आतली यंत्रणा मिळून १० मिलिअँपिअर घेतात. दिवसाला हा जवळजवळ पाव अँपिअर-तास झाला. दिवाळीच्या सुट्टीत गाडी बारा दिवस ओसरीवर उभी राहिली, तर ३ अँपिअर-तासांची बॅटरी कोरडी! पूर्वीच्या गाड्या अशा वेळी किकवर सुरू होत. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत मात्र पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी पुरती बसली तर किक मारून उपयोग होईलच असे नाही. म्हणून सॉकेट किल्लीबरोबर चालू आणि किल्लीबरोबर बंद झाले पाहिजे.

यासाठी काही जण हेडलाइटच्या वायरवरून जोड घेतात. जुन्या गाड्यांत हा घोटाळा ठरतो. वेग वाढला की दिवा प्रखर आणि गाडी मंदावली की दिवा पिवळा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा पुष्कळ गाड्यांत दिव्याला बॅटरीचा एकदिश प्रवाह मिळत नाही. मॅग्नेटोचा, दिशा बदलणारा प्रवाह थेट मिळतो. सॉकेट बनवलेले असते एकदिश प्रवाहासाठी. ते टिकणार कसे?

आता फ्यूजबद्दल, कारण खरा धोका येथे आहे. माझा थोरला भाऊ घरोघर पार्सल पोहोचवतो. मोबाइल बंद पडला की पत्ता नाही, आणि पत्ता नाही तर त्या खेपेचे पैसे नाहीत. त्याने तालुक्याच्या रस्त्यावरील एका दुकानात सॉकेट बसवून घेतले. वायर बॅटरीपासून टाकीखालून सरळ हँडलपर्यंत आणली होती. मध्ये फ्यूज नव्हता. हँडल वळेल तशी ती मानेपाशी लोखंडावर घासत राहिली, आणि श्रावणात एके दिवशी टाकीखालून धूर निघू लागला. नशीब, गाडी उभी होती. वायरिंग बदलण्यात त्याची तीन दिवसांची कमाई गेली.

आय.टी.आय.मध्ये शिकणाऱ्या माझ्या मित्राने ती जळलेली वायर हातात घेऊन मला सारे समजावले. वायरचे आवरण फाटून तांबे सांगाड्याला टेकले, की बॅटरीचा सारा जोर त्या बारीक वायरीतून धावतो. फ्यूज असता तर क्षणात तुटला असता. तो बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते. १० वॅटच्या सॉकेटला १२ व्होल्टवर सुमारे १ अँपिअर लागतो. तेव्हा ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो उडाला म्हणून १५चा घालणे म्हणजे राखणदाराला झोपवणे. फ्यूजची डबी चहा-वड्याच्या पैशांत मिळते.

मित्राने भावाची गाडी नव्याने केली ती अशी. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडले. धन टोक आधी सोडताना पाना सांगाड्याला लागला, तर ठिणग्या उडतात. वीज बॅटरीवरून फ्यूजमधून घेतली आणि मध्ये रिले बसवला. रिलेला हुकूम देण्यासाठी किल्लीबरोबर जिवंत होणारी वायर हवी होती. रंगावर विश्वास न ठेवता त्याने ती टेस्ट लॅम्पने शोधली, कारण प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. मानेपाशी वायरला सैलपणा ठेवला, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. सांधे पिळून टेप गुंडाळली नाही. उन्हात टेपचा डिंक सुटतो. त्याऐवजी सांधा दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. ऋण टोक सर्वांत शेवटी जोडले. (गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायर कापण्यापूर्वी विक्रेत्याला विचारलेले बरे.)

सॉकेटचे तोंड त्याने खाली ठेवले आहे आणि त्यावर रबरी टोपण आहे. आमच्याकडच्या पावसात तेवढे हवेच. मोबाइल मात्र भाऊ हँडलवर लावीत नाही. इंजिनच्या जोरदार कंपनांनी मोबाइलचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ साली दिला आहे. तो लांब वायर घेऊन मोबाइल टाकीवरच्या पिशवीत ठेवतो, आणि पत्ता पाहायचा झाला की गाडी बाजूला घेतो.