दंतोद्भेद : निदान की निमित्त?

‘दात येत आहेत, म्हणून पोट बिघडले आहे’, असे सांगत माता बालकाला घेऊन चिकित्सालयात येते. पुष्कळदा बालकाला घरी ठेवून ती केवळ औषध मागण्यासाठी औषधालयाची पायरी चढते. निदान तिने आधीच केलेले असते. आपण त्याला फक्त औषधाची जोड देतो. या सवयीचा पुनर्विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वाग्भटाचार्यांनी दंतोद्भेद हे सर्व रोगांचे कारण मानले असून ज्वर, अतिसार, कास, छर्दि यांचा विशेष उल्लेख केला आहे. दात आल्यावर हे विकार आपोआप शमतात, म्हणून बालकाला फार बंधनात ठेवू नये, असेही ते तेथेच सांगतात. हे वचन सौम्य चिकित्सेसाठी आहे, दुर्लक्षासाठी नव्हे.

दुधाचे दात साधारणतः सहाव्या महिन्यापासून अडीच ते तीन वर्षांपर्यंत येत राहतात. वीस दातांच्या या काळात कोणताही विकार झाला, तरी एखादा दात येतच असतो. याच सुमारास मातेकडून मिळालेले रोगप्रतिकारक बळ ओसरते, वरचे अन्न सुरू होते आणि रांगणारे बालक हाती येईल ते तोंडात घालते. अतिसाराचे कारण बहुधा येथे सापडते. लाळ गळणे, हिरडी सुजणे, चिडचिड, किंचित अंग कोमट होणे एवढे दंतोद्भेदाचे म्हणता येईल. १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ज्वर, वारंवार द्रवमल किंवा उलटी यांचे कारण वेगळे शोधलेच पाहिजे. डोळे खोल जाणे, मूत्र कमी होणे, बालक मलूल पडणे ही जलक्षयाची लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. अतिसारात जलसंजीवनी व स्तन्यपान चालू ठेवावे. सहा महिन्यांवरील बालकास वैद्यकीय सल्ल्याने जस्ताची २० मिलिग्रॅमची मात्रा रोज याप्रमाणे १४ दिवसांपर्यंत द्यावी.

आता आपल्याच औषधांविषयी. बालचातुर्भद्र चूर्ण मधातून देण्याची परंपरा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तथापि एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. मधातील बॉट्युलिनम जंतूंचे बीजाणू या वयात आतड्यात वाढून विष निर्माण करू शकतात; हा विकार १९७६ साली प्रथम ओळखला गेला. औषध द्यावयाचेच असेल, तर अनुपान म्हणून मातेचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी योजावे. हिरडीवर टंकण मधात खलून चोळण्याचा प्रघातही सोडावा. टंकण व मध लावलेल्या चोखणीमुळे अर्भकांना आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. लवंगतेलही या वयात वर्ज्य समजावे.

परंपरेला नवे ज्ञान जोडण्यात कमीपणा नाही. पाश्चात्त्य देशांतही दात येण्याच्या चूर्णात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, दीर्घकाळ वापरला जाई. त्यामुळे मुलांचे हातपाय लाल होऊन वेदना होत. ब्रिटनमध्ये १९५४ साली ही चूर्णे बाजारातून हटली आणि तो रोगही ओसरला.

हिरडीच्या वेदनेसाठी स्वच्छ बोटाने हलके चोळणे किंवा थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा चावावयास देणे पुरेसे असते. पहिला दात दिसताच मऊ ब्रशने दिवसातून दोनदा स्वच्छता सुरू करावी. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडयुक्त दंतमंजन तांदळाच्या दाण्याएवढेच घ्यावे. दूधाची बाटली तोंडात ठेवून झोपविणे टाळावे. साखरयुक्त आसव, अवलेह किंवा सरबत दिल्यावर तोंड पुसण्यास सांगावे, कारण दात किडण्याचे निमित्त आपले औषधही ठरू शकते. गंडूष करवू नये. एवढ्या लहान बालकास द्रव तोंडात धरता येत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. पुडी बांधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : बालकाचे वय किती? ज्वर किती, कधीपासून? लघवी नेहमीप्रमाणे होते का? उत्तर समाधानकारक नसल्यास पुडी न देता वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशी विक्री एका पुडीने कमी होईल. बालक मात्र वेळेत योग्य हाती पोहोचेल.