आधी झाडं, मग खेळ : एफ्टेलिंगमधला एक दिवस

सकाळी 7.00
आईनं धपाट्यांचं पीठ भिजवलंय आणि आइंडहोव्हनच्या आमच्या स्वयंपाकघरात तीळ-ओव्याचा वास पसरलाय. एफ्टेलिंग या मनोरंजन उद्यानात घरचं खाणं नेता येतं, बसून खायला झाडांखाली बाकंही आहेत, म्हणून डबा भरायचाच. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, काकडी, लेकीसाठी गूळ-तुपाची पोळी. जून महिना असला तरी पिशवीत रेनकोट आणि स्वेटर हवेतच, कारण नेदरलँड्समध्ये एका दिवसात तीन ऋतू होतात.

साताऱ्याहून आलेले आईबाबा, सहा वर्षांची लेक आणि मी, असे आम्ही चौघं. बाबांचा गुडघा दुखतो, आईला उंच पाळण्यांची धास्ती आणि लेकीला सगळंच हवंय. एरवी अशा ठिकाणी आजी-आजोबा पिशव्या सांभाळत बाकावर बसतात आणि नातवंडं रांगेत उभी राहतात. या तिघांचाही दिवस व्हावा, एवढीच माझी आजची इच्छा आहे.

सकाळी 8.30
आगगाडीनं टिलबर्ग, तिथून बसनं एफ्टेलिंगचं गाव, काट्सह्यूव्हल. हा भाग एके काळी चामड्याचा आणि बूट शिवण्याचा. जवळच लोन आणि द्रुनेनच्या वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. जमीन रेताड, म्हणून आजूबाजूला पाइनची झाडं भरपूर. याच गावात दोन कॅथलिक धर्मगुरूंनी 1930 च्या दशकात मुलांसाठी खेळाचं आणि फिरण्याचं मैदान सुरू केलं. पुढे 1950 मध्ये ‘निसर्गोद्यान एफ्टेलिंग’ नावाचं प्रतिष्ठान स्थापन झालं, आणि मालकी आजही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे. नावात निसर्ग पहिल्या दिवसापासून आहे. आज वर्षाला पन्नास लाखांहून जास्त माणसं इथं येतात.

सकाळी 10.00
प्रवेशद्वाराचं छप्पर लव्हाळ्यानं शाकारलेलं, प्रचंड, पाच टोकदार शिखरांचं. 1996 साली बांधलेल्या या इमारतीचं नाव पंचेंद्रियांवरून ठेवलंय आणि प्रत्येक शिखर एका इंद्रियाचं. बाबा मान वर करून ते बघत राहतात. गावाकडच्या घराची शाकारणी त्यांनी लहानपणी स्वतः केलेली, त्यामुळे गवताची पेंढी कशी बसवली असेल, पाणी कुठून निथळत असेल, हे ते लेकीला हातवारे करून समजावतात.

दार उघडताच तरुण मंडळी रोलरकोस्टरकडे धावतात. आम्ही परीकथांच्या वनाकडे वळतो. सकाळी तिथं गर्दी कमी असते आणि पानांतून येणारं ऊनही तिरपं असतं. पहिले दोन तास इथंच द्यावेत.

सकाळी 10.30
हे वन 31 मे 1952 रोजी दहा परीकथा घेऊन सुरू झालं. चित्रं काढली आंतोन पीक या डच चित्रकारानं आणि त्यांना हालचाल दिली आइंडहोव्हनच्या पेटर रायंडर्स यांनी. पीक यांनी एक आग्रह धरला : सगळं खऱ्या साहित्यात बांधायचं. खरी वीट, खरं लाकूड, खरी कौलं. त्याचं मोल आज दिसतं. खरं साहित्य जुनं होतं तसं देखणं होतं. बुटक्या घरांच्या छपरांवर शेवाळ चढलंय, भिंतींवर वेली गेल्यात, आणि घर आधी की झाड आधी हे सांगता येत नाही.

वाट सरळ जात नाही. दर वळणावर पुढचं दृश्य झाडीआड असतं, त्यामुळे मूल आपणहून पुढे पळतं आणि ‘पाय दुखतात’ म्हणायला विसरतं. लांगनेक नावाचा लांब मानेचा सेवक पहिल्या दिवसापासून इथं बसलाय. त्याची मान हळूहळू वर जाते, झाडांच्या फांद्यांपर्यंत पोचते आणि पुन्हा खाली येते. लेक त्याच्याबरोबर स्वतःची मान ताणते. आई हसत म्हणते, “अगं, पुरे, मान आखडेल!” आणि मग स्वतःच तिच्याबरोबर टाचा उंचावते.

थोडं पुढे उडता फकीर. सतरंजीवर बसून तो एका मनोऱ्यातून दुसऱ्याकडे तरंगत जातो आणि बासरी वाजवली की जमिनीतून ट्युलिपची फुलं वर येतात. फकीर पूर्वेचा, फुलं हॉलंडची. एक पोपट आपण बोललेलं परत म्हणून दाखवतो. आई त्याच्याशी मराठीत बोलते, “विठू विठू, पेरू खातोस का?” पोपट ते जसंच्या तसं परत म्हणतो आणि आसपासची डच मुलं टाळ्या वाजवतात.

सकाळी 11.30
एका दगडी गुहेत ‘भारतीय कुमुदिनी’ आहेत. 1966 साली साकारलेली ही कथा बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिली होती. नाचणाऱ्या पऱ्या चेटकिणीच्या शापानं कमळं होतात आणि रात्री पुन्हा नाचतात. बेडूक वाद्यं वाजवतात. आई विचारते, “ही आपल्याकडची गोष्ट आहे का गं?” नाही, पण शापानं फूल झालेली मुलगी आजीच्या गोष्टींत नवी नाही. आई लेकीला तिथंच कठड्याला टेकून स्वतःची एक गोष्ट सांगायला बसते. मागून येणारी माणसं बाजूनं जातात. कोणी घाई करत नाही. जागा इतकी मोकळी ठेवलीय की थांबणाऱ्याला थांबता येतं.

दुपारी 12.15
डबा उघडतो. पाइनच्या सावलीत धपाट्यांना वेगळीच चव येते. जेवण झालं की कागद गोळा करून लेक धावत सुटते, कारण समोर खादाड खाइस उभा आहे. तोंड वासलेला, गलेलठ्ठ. ‘कागद इथं टाका’ असं तो डच भाषेत ओरडत राहतो. हात पुढे केला की कागद खेचून घेतो आणि आभार मानतो. पहिला खाइस 1959 मध्ये बसवला, त्याची रचनाही पीक यांचीच, आणि आता उद्यानात असे अनेक आहेत. आपले कागद संपले की मुलं जमिनीवर पडलेले शोधू लागतात. दंडाची पाटी लावून जे साधत नाही, ते एका कल्पक कचरापेटीनं साधलं. मुलाला शिस्त लावायची असेल तर त्याच्या आनंदाच्या वाटेनं जावं, हे इथं डोळ्यांना दिसतं.

दुपारी 1.30
बाबांचा गुडघा आता बोलू लागलाय. वाफेच्या गाडीत बसायची हीच वेळ. अरुंद रुळांवरून ती झाडीतून उद्यानाभोवती फिरते. एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलेले बाबा गाडीत बसण्याआधी इंजिनाभोवती चक्कर मारतात. चालकाशी भाषा जुळत नाही, पण दट्ट्याकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न त्याला कळतो आणि तो खाली उतरून दाखवतो. त्या पाच मिनिटांत बाबांचा दिवस सार्थकी लागतो.

दुपारी 2.30
खेळाचं मैदान. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘नेस्ट’मध्ये अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं एकत्र खेळतील अशी रचना केलीय. व्हीलचेअरमधला एक मुलगा आणि आमची लेक बराच वेळ एकाच खेळात गुंतलेली असतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मूल कुठल्याही शरीराचं असो, त्याला बाजूला उभं राहावं लागू नये. बाग आखतानाच हा विचार झाला तर नंतर कोणाला वेगळी सोय मागावी लागत नाही.

दुपारी 3.30
तळ्यावर गोंडोलेट्टा. छत असलेल्या छोट्या होड्या आपोआप संथ सरकतात, वल्हवायचं काही नाही. काठावर ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आहेत, फुलांचा बहर आता ओसरत आलाय. बदकं होडीजवळ येतात. लेक आजीच्या मांडीवर डोकं टेकवून झोपते. गर्दीच्या दिवसातला हा विसावा आधीपासून ठरवून ठेवावा, मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही.

संध्याकाळी 4.30
‘ड्रोमव्लुख्त’, म्हणजे स्वप्नातली भरारी. 1993 साली सुरू झालेल्या या सफरीत वरून टांगलेल्या डब्यांतून आपण अंधाऱ्या अरण्यावरून, पऱ्यांच्या आणि राक्षसांच्या जगातून जातो. आई आधी नको म्हणाली होती. बाहेर आल्यावर तिनंच विचारलं, “परत बसायचं का?” मग 1895 मधलं जुनं फिरतं चक्र. 1956 मध्ये उद्यानानं ते घेतलं आणि अजून जपलंय. लाकडी घोड्यावर नात, शेजारच्या आसनावर आजोबा.

संध्याकाळी 6.00
उद्यान बंद होताना तळ्यावर कारंजी नाचतात. 2012 पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात चार बेडकांच्या मूर्ती आहेत आणि पाणी संगीतावर उंच उडतं. सूर्य अजून वर असतो, जूनमध्ये तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो.

संध्याकाळी 7.00
बसमध्ये बाबा म्हणतात, “आपल्याकडे असं का नाही होत?” मला वाटतं, होऊ शकतं, पण क्रम बदलायला हवा. आपल्या बऱ्याच नव्या बागांत आधी फरशी आणि सिमेंटचे प्राणी येतात, आणि उरलेल्या जागेत कुंड्या. पुढे रंग उडतो, प्राण्यांचे कान तुटतात आणि बागेला कुलूप लागतं. एफ्टेलिंग टिकलं ते आधी झाडं राखली म्हणून, खऱ्या साहित्यात बांधलं म्हणून आणि सत्तर वर्षं रोज निगा केली म्हणून. नगरपालिकेच्या छोट्या बागेलाही हे तिन्ही नियम लागू पडतात, त्यासाठी परदेशी पैसा लागत नाही. जुनी चिंच किंवा वड न तोडता त्याच्याभोवती वाट आखा, शेजारच्या आजीला गोष्ट सांगायला एक पार बांधा, आणि माळ्याची नोकरी कायम ठेवा. तीन पिढ्या एका वाटेवर चालू लागतील.