कर्ण्याची शीळ व तिचें निवारण

सभेंत एखादा विद्यार्थी भाषणास उभा राहतो, दोन वाक्यें बोलतो, इतक्यांत कर्ण्यांतून कर्कश शीळ निघून सारा मंडप दचकतो, हा प्रसंग आमच्या वाचकांस नवा नसेल. एका संमेलनांत तो आमच्याच हातून घडला. एक लहान मुलगी मंद आवाजांत कविता म्हणत होती. मागल्या रांगेस ती ऐकूं यावी म्हणून आम्ही आवाजाची कळ वाढविली. तत्क्षणीं शीळ उठली आणि मुलगी कविता अर्धीच टाकून रडत आंत गेली. दोष तिच्या आवाजाचा नव्हता. आमच्या अज्ञानाचा होता.

ही शीळ उत्पन्न होते कशी, तें प्रथम पाहूं. मायक्रोफोन ध्वनीचें विजेच्या तरंगांत रूपांतर करितो, अँप्लिफायर ते तरंग बलवान् करितो व कर्णा त्यांचा पुनः ध्वनि करितो. या ध्वनीचा कांहीं अंश मायक्रोफोनकडे परत येतो. तो मूळ आवाजाहून दुबळा असला, तर फेरीगणिक क्षीण होऊन विरतो. परंतु एखादा स्वर मूळाहून बलवान् होऊन परतला व त्याचे तरंग मूळ तरंगांशीं जुळले, तर चक्रवाढ व्याजाप्रमाणें तो वाढतच जातो. मग कोणी न बोलतांही यंत्र ओरडत राहतें. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सेन (१८७१–१९५७) यांच्या नांवावरून यास 'लार्सेन परिणाम' म्हणतात.

आतां उपाय पाहूं. कर्णे मायक्रोफोनच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावे. बोलणाऱ्याच्या पाठीमागें कधींही ठेवूं नयेत. दुसरा उपाय सर्वांत सोपा व सर्वांत गुणकारी आहे: तोंड आणि मायक्रोफोन यांतील अंतर कमी करावें. एक फुटाचें अंतर अर्धा फूट केलें, तर मायक्रोफोनवरील ध्वनीचा दाब सुमारें दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल अधिक होतो, आणि कळ तितकीच उतरवितां येते.

कार्डिऑइड जातीचा मायक्रोफोन समोरचा आवाज चांगला घेतो व पाठीमागचा फारच थोडा. मात्र त्याचें डोकें मुठींत धरल्यास मागील छिद्रें झांकतात व हा गुण नष्ट होतो. शीळ उठली कीं पुष्कळ जण मायक्रोफोनवर हात ठेवितात. त्यानें ती वाढण्याचाच संभव असतो. प्रथम कळ उतरवावी.

नाटकांत जो मायक्रोफोन लागत नसेल तो बंद ठेवावा, कारण उघड्या मायक्रोफोनांची संख्या दुप्पट झाली कीं सुमारें ३ डेसिबलची सवलत हातची जाते. उघड्या भिंती ध्वनि परतवितात. जाड पडदे लाविल्यास तो कांहींसा शोषला जातो. कार्यक्रमापूर्वीं कळ हळूहळू वाढवून कोणता स्वर प्रथम घुमतो तें पाहावें, इक्वलायझरनें तेवढाच किंचित् कमी करावा, आणि मग कळ घुमण्याच्या सीमेच्या बरीच खालीं ठेवावी.

पुढील वर्षीं तीच मुलगी पुनः उभी राहिली. आम्ही मायक्रोफोन तिच्या उंचीस आणून तोंडाजवळ नेला व कळ पूर्वीपेक्षां खालीं ठेविली. शेवटच्या रांगेंतील तिच्या आजीनें सबंध कविता ऐकिली. मंद आवाजाच्या मुलास 'मोठ्यानें बोल' म्हणण्यापूर्वीं आपण त्याच्या किती जवळ गेलों, हें एकदां पाहावें.