अस्वलापासून बचाव : परवडणारा आणि कामाला येणारा

(कळवा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



कळव्यात उभं राहून अस्वलावर बोलायचं, म्हणजे कुणालाही वाटेल की वक्त्याचं स्टेशन चुकलं. आपल्या पारसिकच्या डोंगरावर अस्वल नाही. खाडीपलीकडे येऊरला बिबटे आहेत आणि त्यांच्याबद्दल आपण सगळेच थोडंफार ऐकून आहोत. मग अस्वल कशाला?

तर त्याचं कारण आपल्या पाठीवरची सॅक आहे. कळवा, ठाणे, डोंबिवली इथली किती मुलंमुली शनिवारी रात्री बाहेर पडतात ते तुम्ही पाहताच. त्यांतली बरीच वासोट्याला जातात. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे आजच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून जंगलात शिरलात, की तुम्ही अस्वलाच्या घरात असता. कुणी विदर्भ एक्स्प्रेसने मलकापूर-शेगावकडे उतरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जातं. तिथली तर ओळखच अस्वलांची आहे. आणि हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांच्या वाटेवर काळं अस्वल असतं, ते वेगळंच.

या मुलांचा प्रश्न साधा असतो : "सर, कमी पैशात काय घेऊ?" आज त्याचंच उत्तर देतो. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. अस्वलापासूनचं सगळ्यात चांगलं संरक्षण फुकट मिळतं. विकत मिळणाऱ्या वस्तू त्यानंतर येतात आणि त्यांचाही एक क्रम आहे.

आधी अस्वल समजून घेऊ

आपल्याकडच्या जुन्या लोकांनी अस्वल पाहिलं ते दरवेशाबरोबर. नाकात दोरी, डमरूच्या तालावर नाच, आणि पोरांच्या गळ्यात बांधायला केसाचा ताईत. त्या अस्वलाचे दात पाडलेले असायचे. आता तो खेळ बंद झाला, पण अस्वल म्हणजे गंमतीचा, ढिला प्राणी ही समजूत मनात राहून गेली.

जंगलातलं अस्वल तसं नाही. तो वाघाच्या शेजारात वाढलेला प्राणी आहे. बिबट्या माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा गुपचूप सरकतो. अस्वलाची रीत उलटी. अगदी जवळ, अचानक कुणी समोर आलं, तर ते पळण्याऐवजी अंगावर येतं. त्याला तुम्हाला खायचं नसतं. वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं हे त्याचं खाणं. ते घाबरलेलं असतं, आणि पिल्लं असतील तर जास्तच. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते.

आता गोम बघा. अस्वलाचं नाक फार तिखट, पण नजर आणि कान त्या मानाने बेताचे. त्यातून ते वारूळ उकरून वाळवी ओढायला लागलं, की तोंडाने एवढा मोठा आवाज करतं की तुमची पावलं त्याला ऐकूच येत नाहीत. तुम्ही कारवीच्या दाट झाडीतून वळण घेता, ते खाली मान घालून गुंतलेलं असतं, आणि दोघंही एकदम समोरासमोर. बहुतेक अपघात असे होतात.

छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २०००, म्हणजे तीन वर्षांहूनही कमी काळात, अस्वलाचे १३७ हल्ले नोंदले गेले. त्यांत ११ माणसं गेली. म्हणजे बहुतेक माणसं वाचली. पण अस्वलाचा हल्ला अनेकदा तोंडावर आणि डोक्यावर होतो. वाचलेल्या माणसाचा डोळा, नाक, जबडा जातो, आणि पुढचं सगळं आयुष्य तो चेहरा घेऊन काढायचं असतं. म्हणून हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही.

शून्य रुपयांची यादी

एक, आवाज. गप्पा मारत चला. वळणावर, दाट झाडीत, ओढ्याजवळ आवाज थोडा वाढवा, कारण पाण्याच्या खळखळाटात अस्वलाला काही ऐकू येत नाही. वारा समोरून येत असेल तर तुमचा वासही पुढे जात नाही, तेव्हा जास्तच बोला. स्पीकरवर गाणी मात्र नकोत, त्याचा जंगलाला त्रास होतो. आणि कानात इअरफोन घालून चालणं म्हणजे आपणच आपले कान कापून घेणं.

दोन, वेळ. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अस्वल जास्त हिंडतं. सूर्य वर आल्यावर निघा, उजेड असेपर्यंत खाली या. अभयारण्यात परतीची वेळ ठरवून दिलेली असते, ती आपल्याला छळायला नसते.

तीन, सोबत. चार-पाच जण एकत्र चाला. एक पुढे अर्धा किलोमीटर आणि दुसरा फोटो काढत मागे, याला सोबत म्हणत नाहीत.

चार, खुणा. ताजं उकरलेलं वारूळ, खोडावर नखांचे ओरखडे, बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा, किंवा माणसाच्या अनवाणी पावलासारखा मागच्या पायाचा ठसा. असं काही दिसलं की थांबा, मोठ्याने बोला, शक्य असेल तर वाट बदला. कपारीत, गुहेत डोकावू नका. दुपारी ते तिथेच झोपलेलं असतं.

आता खिशात हात घालू

पहिला खर्च वाटाड्याचा. पायथ्याच्या गावातला माणूस घ्या. कुठलं वारूळ ताजं आहे, या आठवड्यात अस्वल कुठे दिसलं, हे त्याला ठाऊक असतं. पाच-सहा जणांत वाटून घेतलं तर माणशी फार पडत नाही. कुठल्याही उपकरणापेक्षा हा पैसा जास्त कामाचा.

दुसरा खर्च काठी. खांद्याएवढी, मजबूत, आणि वरच्या टोकाला घुंगरू किंवा छोटी घंटा. गुजरातमध्ये अस्वलांचा अभ्यास करणाऱ्यांनी गावकऱ्यांसाठी अशीच 'घंटी काठी' पुढे आणली. जपानमध्येही डोंगर चढणारे सॅकला घंटी बांधतात. पण घंटीचा आवाज बारीक असतो, लांब जात नाही, म्हणून ती तुमच्या बोलण्याच्या जोडीला. काठीचा दुसरा उपयोग म्हणजे अस्वल अंगावर आलंच तर तुमच्यात आणि त्याच्यात काहीतरी आडवं असतं. मारायला जाऊ नका, पुढे धरा.

तिसरा खर्च चांगली टॉर्च. उशीर झालाच तर मोबाइलच्या उजेडावर जंगल उतरता येत नाही.

चौथा स्प्रे. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. अमेरिकेत खास अस्वलासाठी मिरचीच्या अर्काचा मोठा डबा मिळतो. तो सात-नऊ मीटरपर्यंत ढगासारखा फवारा सोडतो. अलास्कातल्या घटनांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के सुखरूप राहिली. पण तिथली अस्वलं वेगळ्या जातीची. शिवाय तो डबा तिकडे चाळीस-पन्नास डॉलरचा आणि विमानातून आणता येत नाही.

आपल्याकडे दोनशे-पाचशे रुपयांत मिळतो तो पर्समधला पेपर स्प्रे. त्याची धार दोन-तीन मीटर जाते. वारा उलटा असेल तर तुमच्याच डोळ्यांत. घ्यायचा असेल तर घ्या, पण सॅकच्या तळाशी नको. पट्ट्याला लावा आणि घरी दहा वेळा काढायचा सराव करा. आणि तो ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला लावायचा नसतो. (हशा) हसू नका, लोक लावतात. त्याच्या वाळलेल्या वासाने अस्वल उलट जवळ येतं, असं अलास्कात दिसलंय.

फटाके आणि शस्त्रं यादीतून काढून टाका. उन्हाळ्यात एक फटाका डोंगर पेटवतो, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं गुन्हा आहे.

समोर आलंच तर

लांब असेल तर थांबा, सगळे जवळ या, हलक्या आवाजात बोलत मागे सरका. त्याला निघून जायला वाट ठेवा. पळू नका, ते तुमच्यापेक्षा वेगाने धावतं. झाडावर चढू नका, तेही चढतं. फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकू नका. मे २०१८ मध्ये ओडिशातल्या नबरंगपूर जिल्ह्यात जखमी अस्वलासोबत सेल्फी घ्यायला गेलेल्या माणसाचा त्यातच जीव गेला.

अंगावर आलंच, तर पालथे पडा. तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, सॅक पाठीवरच. चेहरा आणि मान वाचवायची. ते गेल्याची खात्री होईपर्यंत उठायचं नाही. मग जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा, १०८ ला आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन करा. रेबीज आणि धनुर्वाताची इंजेक्शनं विसरू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सोबत कुत्रा नेला तर?*

नको. अभयारण्यात चालत नाही, आणि कुत्रा अस्वलाला छेडतो आणि मग जीव वाचवायला धावत मालकाकडेच येतो.

*प्रश्न : हजार रुपयेच आहेत. काय घेऊ?*

वाटाड्यातला तुमचा वाटा, काठी, घुंगरू, टॉर्च. उरले तर जखमेवर बांधायच्या पट्ट्या. स्प्रे नसला म्हणून ट्रेक रद्द करू नका, पण सोबत नसली तर जरूर करा.

*प्रश्न : मग गावातले लोक रोज कसे जातात?*

चांगलं विचारलंत. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात बाया पहाटे वाकून मोहाची फुलं वेचतात. तेच अस्वलाचं खाणं आणि तीच त्याची वेळ. मे महिन्यात तेंदूपाना. त्यांना "उजाडल्यावर जा" म्हणणं सोपं आहे, पण तोवर फुलं गुरं खातात. आपण हौसेने जातो आणि रविवारी रात्री लोकल पकडून परततो. म्हणून अस्वलाला खाऊ घालणं, दगड मारणं, पिल्लामागे लागणं, यांतलं काहीही आपण केलं तर बिथरलेलं अस्वल मागे राहतं आणि ते त्या बाईच्या वाट्याला येतं. तेव्हा आपल्या बचावाचा हिशेब करताना तिलाही त्यात धरा.