पेटीतला मलंगगड

मलंगगडाच्या कड्यासमोर हाक मारली की ती परत येते. हाक आणि पडसाद यांत अर्धा सेकंद हवा असेल, तर कडा सुमारे ८५ मीटरवर असावा लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो आणि त्याला जाऊन परतही यायचं असतं. सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने फिरणारी टेप तोच अर्धा सेकंद दहा सेंटिमीटरमध्ये बसवते. टेप इको यंत्राची सगळी करामत एवढीच: डोंगर पेटीत भरायचा.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांनी गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा ऐकले, त्यांना ‘इको’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. निवेदकाच्या ‘रसिकहो’ला शेपूट फुटायचं आणि पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना तशीच हाक मारून बघायची. पुढे हे काम चिपने उचललं, पण हौस टेपच्या काळातली.

लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांनी १९५८ साली ‘कॉपीकॅट’ हे टेप इको यंत्र आणलं. जपानच्या रोलँड कंपनीचं आरई-२०१ ‘स्पेस इको’ १९७४ मध्ये आलं. याच कंपनीची वाद्यं वापरून मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची डिस्को तबकडी केली, तेव्हा रोलँड हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नव्हतं.

आरई-२०१ चं झाकण उघडलं की चक्र्या दिसतच नाहीत. पाव इंची टेपचं एक अखंड कडं पारदर्शक आवरणाखाली वळवळत, सैल घड्या घालत पडलेलं असतं. कॅपस्टनची फिरती काडी आणि रबरी पिंच रोलर तिला ओढतात. वाटेत पाच हेड: एक जुनं पुसणारं, एक नवं लिहिणारं, तीन वाचणारी. वाचलेला आवाज थोडा परत लिहिणाऱ्या हेडकडे सोडला की पडसादाचा पडसाद उमटतो. त्यासाठीचं बटण जास्त फिरवलं तर यंत्र स्वतःच्याच आवाजावर चढत जातं आणि गायकाने तोंड मिटलं तरी घुमत राहतं.

आता दुरुस्ती. आधी वीज बघायची. जपानी बाजारासाठी बनलेला नग १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो थेट खोचला, तर पुढचं काम ट्रान्सफॉर्मर बदलण्यापासून सुरू होतं. मग हेड. टेपवरून झडलेली तपकिरी भुकटी त्यांच्यावर बसते आणि पडसाद कांबळं पांघरल्यासारखा येतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती पुसायची. हेडमध्ये साठलेलं चुंबकत्वही काढायचं. यंत्र बंद ठेवून, डीमॅग्नेटायझर हळूहळू दूर नेऊन मगच त्याचा खटका बंद करायचा. घाईने बंद केला तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व मागे राहतं.

रबर हा खरा दुखरा भाग. रोलर कडक झाला की टेप घसरते, सूर डुगडुगतो. तो महिनोन्महिने एका जागी दाबून राहिला तर त्यावर चपटा डाग पडतो आणि प्रत्येक फेरीला सूर लंगडतो. वाळलेले कंडेन्सर आणि खरखरणारे कंट्रोल बदलता येतात. त्यासाठी डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड ही जुनी वारी आहेच. खाडीकाठच्या पावसाळ्यावर मात्र बाजारात औषध नाही. दमट हवेत टेपला बुरशी धरते, खटक्यांना गंज चढतो. म्हणून पेटी कोरडी ठेवायची आणि कार्यक्रम नसला तरी अधूनमधून फिरवायची.

टेपचं नवं कडं घालताना दोन्ही टोकं तिरकी कापायची, एकावर एक न चढवता भिडवायची आणि चिकटपट्टी मागच्या अंगाला लावायची. सरळ कापलेला जोड हेडवरून जाताना ‘टक’ करतो. तिरका हळूच सरकून जातो.

हे कडं कितीही जपलं तरी झिजणारच, कारण आवाज घडतो तो हेडवर घासूनच. तबलजी पुडी बदलताना तबला बिघडला असं म्हणत नाही. टेपही तशीच, वाजवून संपवायची वस्तू. म्हणून या यंत्राचा कारागीर नादुरुस्तीची वाट बघत बसत नाही. तबलजी सूर लावून घेतो तसं तो दर कार्यक्रमाआधी झाकण उघडतो. किती सुधारायचं हेही त्याला कळावं लागतं. टेपवर प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा थोडा मंद, थोडा बोथट होतो; डोंगराच्या कड्यावरून येणारी हाकही तशीच येते. तो बोथटपणा दोष समजून काढायला गेलं, तर हातात नुसती नक्कल उरते.

याच स्पेस इकोची नक्कल करणारं बॉस या ब्रँडचं आरई-२ हे छोटं पेडल २०२२ मध्ये आलं. त्यात टेप नाही, रबर नाही, भुकटी नाही. सूर किती डुगडुगावा, हे ठरवायला मात्र त्यात मुद्दाम एक बटण दिलं आहे.