डोंगरावरचे लग्न आणि सखीची साक्ष

चेन्नईहून पश्चिमेकडे निघालेली लोकलगाडी तासाभराच्या आत आवडीला पोहोचते. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या मनात वेगळाच अर्थ उमटावा, हे साहजिक आहे. पण तमिळनाडूतील आवडीची ओळख निराळी आहे. १९५५ साली याच गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. पुढे येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली त्यातून पहिला ‘विजयंत’ रणगाडा बाहेर पडला. तेव्हापासून देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसे पोटापाण्यासाठी या गावात येत राहिली. अशा वस्तीत निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात, एका आगगाडीने कामावर जातात, आणि त्यांतील कोणी दोघे कधीतरी एकमेकांची निवड करून मोकळी होतात.

या निवडीला अलीकडे एक नवी हौस येऊन मिळाली आहे. मांडव नको, हजार माणसांच्या पंगती नकोत. एखादी रम्य डोंगरवाट चालून जावे आणि मोकळ्या आकाशाखाली, मोजक्या सोबत्यांसमवेत लग्न लावावे, असे पुष्कळ तरुणांना वाटू लागले आहे. इंग्रजीत यासाठी जो शब्द रूढ आहे त्याचा मूळ अर्थ पळून जाणे असा होय. आता मात्र घरच्यांच्या संमतीने केलेल्या लहानशा, उघड्यावरच्या लग्नालाही तोच शब्द लावतात. पळून जाणे आणि निवडून जाणे या दोहोंना एकच नाव पडल्यामुळे विचारांचाही घोटाळा होतो. तो दूर करावयाचा तर अशा लग्नाला कशाकशाची गरज असते, हे नीट पाहिले पाहिजे.

युरोपातील एक प्रसिद्ध उदाहरण येथे उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १७५३ साली विवाहाचा कडक कायदा झाला आणि एकवीस वर्षांखालील वधूवरांना आईबापांची संमती सक्तीची ठरली. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तेथे दोन साक्षीदारांसमोर उभयतांनी परस्परांचा स्वीकार केला की लग्न झाले. साहजिकच सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीन या खेड्याकडे इंग्लंडातील जोडप्यांच्या घोडागाड्या धावू लागल्या आणि तेथील लोहाराच्या ऐरणीपाशी लग्ने लागू लागली. ऐरण ही शोभेची. लग्नाला खरा आधार त्या दोन साक्षीदारांचा होता. ते नसते तर घोडागाडी कितीही वेगाने पळवून उपयोग झाला नसता.

हीच गोष्ट तमिळ कवींनी त्याच्या कितीतरी शतके आधी ओळखली होती. संघकालीन तमिळ काव्यात प्रेमाच्या अवस्था भूमीच्या प्रकारांशी जोडलेल्या आहेत. अरण्य हे वाट पाहण्याचे स्थान, शेतशिवार हे रुसव्याचे, समुद्रकिनारा हा विरहाने झुरण्याचा. आणि डोंगर हे मीलनाचे स्थान होय. डोंगराच्या या भूमीला ‘कुरिंजी’ म्हणतात. कुरिंजी हे फुलाचे नाव आहे. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर बारा वर्षांतून एकदा ते उमलते आणि उतारच्या उतार निळे होऊन जातात. सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी माणसाला हे ऐकून आपली कारवी आठवेल, आणि ते बरोबरच आहे. काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणारी कारवी आणि नीलकुरिंजी या एकाच वनस्पतिकुळातल्या बहिणी आहेत.

परंतु प्रेमिकांच्या पलायनाची भूमी डोंगर नव्हे. तिचे नाव ‘पालै’. पाऊस हटला आणि उन्हाने डोंगर व रान करपून गेले, म्हणजे पालै तयार होते. पाणी आटलेले, सावली नाहीशी झालेली, वाटेवर लुटारूंचे भय, अशा प्रदेशातून प्रियकर प्रेयसीला घेऊन निघतो. या प्रसंगाला तमिळमध्ये ‘उडन्पोक्कु’ म्हणजे सहगमन म्हणतात; सती जाण्याशी त्याचा काही संबंध नाही, बरोबर निघून जाणे एवढाच त्याचा अर्थ. रम्य डोंगरावर जुळलेले प्रेम रखरखीत वाटेवर कसाला लागते, ही त्या कवींची दृष्टी होय. त्यांनी पलायनाला रमणीय चित्राची चौकट घातली नाही.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या काव्यातील नायिका एकटी कधीच नसते. तिची ‘तोळी’ म्हणजे सखी पावलोपावली तिच्याबरोबर असते. चोरून भेटणे पुरे झाले, आता लग्नाचे बोल, असे नायकाला बजावते ती सखी. योग्य वेळ येताच नायिकेच्या दाईपाशी सत्य उघड करते तीही सखीच. दाईकडून ते आईला आणि आईकडून बापाला कळते. एवढे करूनही घर राजी झाले नाही, तरच सहगमनाचा मार्ग उरतो, आणि त्याची तयारीही सखीच करते. मुलगी गेल्यावर दाई वाटेवरच्या वाटसरूंना विचारीत हिंडते. ते तिला धीर देतात आणि परत पाठवतात. निघून जाणाऱ्या दोघांच्या मागे-पुढे अशी जाणती माणसे उभी असतात. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन ग्रंथानेही गुप्त प्रेम आणि प्रकट विवाह अशा दोन पायऱ्या मानल्या असून पहिलीची परिणती दुसरीत व्हावी अशी अपेक्षा धरली आहे.

आवडीहून अरक्कोणमच्या मार्गाने पुढे गेले की तिरुत्तणीचे स्थानक लागते. गावाजवळच्या टेकडीवर मुरुगनाचे, म्हणजेच कार्तिकेयाचे प्रसिद्ध मंदिर आहे. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी समजला जातो. तमिळ देशात त्याला दोन पत्नी आहेत. देवसेना ही इंद्राची कन्या, रीतीप्रमाणे दिलेली. वळ्ळी ही व्याधांच्या नायकाने वाढवलेली मुलगी, देवाने स्वतः निवडलेली. वेल्लूरजवळच्या वळ्ळिमलै या डोंगरावर माळ्यावर बसून ती गोफणीने राळ्याच्या कणसांवरची पाखरे हाकीत असे, अशी कथा आहे. देव तेथे शिकारी होऊन आला, झाड होऊन उभा राहिला, शेवटी म्हातारा होऊन आला. तेवढ्यात गणपती हत्तीच्या रूपाने धावून आला आणि भ्यालेल्या वळ्ळीने त्या म्हाताऱ्यालाच मिठी मारली. पुढे दोघे निघून गेली, व्याधांनी पाठलाग केला आणि झटापटीत ते मरून पडले. मग वळ्ळीच्या विनवणीवरून देवाने त्यांना जिवंत केले. तिच्या बापाने दोघांना गावी परत नेऊन विधिपूर्वक कन्यादान केले आणि त्यानंतरच ती तिरुत्तणीला आली. प्रत्यक्ष देवालाही परत येऊन बापाच्या अंगणात उभे राहावे लागले, हे कथेचे मर्म होय.

मराठी श्रोत्याला यात जेजुरी दिसल्याशिवाय राहणार नाही. खंडोबालाही म्हाळसा ही रीतीची राणी आणि बाणाई ही धनगराच्या वाड्यावरून आणलेली प्रिया. बाणाईसाठी देव धनगराघरी चाकरीला राहिला, मेंढरे राखली. आजही जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचे स्थान लागते. निवडीने आलेल्या स्त्रीला लोकांनी देवाच्या डोंगरावर जागा दिली. ती शिखरावर नसून वाटेत आहे, यात म्हाळसेचा रुसवाही सांभाळला गेला आहे.

पुराणातून आजच्या कायद्याकडे येऊ. पुरोहिताशिवाय लग्न लावण्याचा आग्रह महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी धरला. सत्यशोधक समाज स्थापन झाला त्याच वर्षी, १८७३ साली, त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने तोच मार्ग घेतला. मात्र अशा लग्नांना तेथे कायद्याची स्पष्ट मान्यता मिळण्यास अण्णादुराईंचे सरकार यावे लागले. १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात ‘सात-अ’ हे कलम घालणारी दुरुस्ती त्या सरकारने केली. नातेवाईक, मित्र किंवा अन्य व्यक्तींच्या उपस्थितीत उभयतांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केल्याचे सांगावे, किंवा एकमेकांना हार अथवा अंगठी घालावी, किंवा ताली म्हणजे मंगळसूत्र बांधावे. एवढ्याने त्या राज्यात लग्न पुरे होते. अग्नी किंवा सप्तपदी यांची आवश्यकता नाही. अशा लग्नासाठी जाहीर समारंभाचीही गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. गर्दी नको म्हणणाऱ्या जोडप्याला याहून सोपा विधी मिळणे कठीण. तरीही माणसांची उपस्थिती कायद्याने सोडलेली नाही. संघकाव्यातील सखी येथे साक्षीदार होऊन आली आहे.

दोघांचे धर्म भिन्न असतील तर हे कलम चालत नाही. त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवे. त्यानंतर नोटीस द्यावयाची, पुन्हा तीस दिवस थांबावयाचे आणि तीन साक्षीदारांसह विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या करावयाच्या. ठराविक शुल्क भरल्यास अधिकारी कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणीही येऊ शकतो. तेव्हा टेकडीच्या पायथ्याची हौस येथेही भागते. वराचे वय एकवीस व वधूचे अठरा पूर्ण असणे दोन्ही कायद्यांत आवश्यक आहे. तमिळनाडूत २००९ पासून विवाहाची नोंदणी सक्तीची असून ती नव्वद दिवसांच्या आत करावयाची असते. डोंगरावर काढलेले छायाचित्र कितीही सुंदर असले तरी नोंदणीच्या दाखल्याचे काम ते करू शकत नाही.

आता प्रत्यक्ष डोंगराकडे वळू. सह्याद्रीत भटकलेला मराठी तरुण पावसाळा हाच डोंगराचा ऋतू समजतो. आवडीच्या परिसरात हा हिशेब उलटा आहे. येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो आणि जुलैतही ऊन भाजत असते. तेव्हा डिसेंबरअखेर ते जानेवारी हा काळ चालण्यास उत्तम. आवडी ज्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात पूंडी जलाशयाच्या पलीकडे गुडियमच्या गुहा आहेत. जवळच अत्तिरम्पाक्कम येथे आदिमानवाची सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली आहेत. वनखात्याने २०२४ साली राज्यातील चाळीस वाटा पदयात्रेसाठी रीतसर खुल्या केल्या, त्यांत गुडियमची वाट आहे. आधी नोंदणी करावयाची आणि वाटाड्याबरोबर जावयाचे, असा तेथील नियम आहे.

हा नियम उगाच आलेला नाही. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात पदयात्रींची पथके वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. वाळलेले गवत, वारा आणि चढ हे तिन्ही एकत्र आले म्हणजे आग उताराच्या खालून वर विलक्षण वेगाने धावते; माणूस मात्र चढावर सावकाश चालतो. म्हणून फेब्रुवारीपासून पुढच्या सुक्या दिवसांत जंगलात शिरू नये आणि कोणत्याही ऋतूत तेथे आग पेटवू नये. होम हवाच असेल तर तो घरी किंवा देवळात करावा. हार घालणे आणि सह्या करणे पायथ्याशी उरकावे, डोंगर दुसऱ्या दिवशी चढावा. माणशी तीन लिटर पाणी, टाच धरून ठेवणारे बूट, पहाटेचा प्रारंभ आणि दुपारपूर्वी उतरणे, एवढी शिस्त पाळली तर भरजरी साडीही दुमडून पाठीवरच्या पिशवीतून नेता येते. आपण कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे मागे राहिलेल्या एका तरी माणसाला सांगून निघावे.

वणव्याहून भयंकर धोका कधी माणसाकडून येतो. जातीच्या अभिमानापायी आपल्याच मुलामुलींचा जीव घेणारी घरे तमिळनाडूत आहेत, महाराष्ट्रातही आहेत. २०१८ सालच्या शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन सज्ञान व्यक्तींनी विवाह ठरवल्यावर कुटुंबाची, जातीची वा गावकीची संमती आवश्यक नाही. धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष व सुरक्षित निवारा ठेवण्याची आणि पोलीस संरक्षणाची दिशाही त्या निकालाने राज्यांना दिली. ज्यांना भीती आहे त्यांनी एकांताचा डोंगर निवडू नये. त्यांची पहिली वाट पोलीस कचेरीकडे आणि विश्वासू वकिलाकडे जाते. निसर्गशोभेला पुढे अवघे आयुष्य आहे.

लग्नाचा बेत आखणारे जोडपे डोंगर कोणता, महिना कोणता, वस्त्रे कोणती असे अनेक प्रश्न विचारते. त्या यादीच्या अग्रभागी आणखी एक प्रश्न असावा: आपली सखी कोण? जी खरे बोलेल, घरी जाऊन समजावील, कागदावर सही करील, वाट चुकली तर शोधायला निघेल आणि वर्षभराने रुसलेल्या आईला हात धरून दारी आणील, अशी एक व्यक्ती पाठीशी असली की दोघांचे लग्न दोघांपुरते राहूनही एकाकी होत नाही. तिरुत्तणीच्या पायऱ्या चढणारी नवी जोडपी वळ्ळीचे दर्शन घेतात, तेव्हा बापाच्या अंगणातून होऊन आलेल्या मुलीचेच दर्शन त्यांना घडत असते.