रंगमंचावरील एकतर्फी निरोप

नाटकाचा तिसरा अंक सुरू होतो, पहाटेचा निळा प्रकाश हवा असतो, आणि नेमका तोच दिवा लागत नाही. दोष कोठे शोधावयाचा? नियंत्रण-फलकात, केबलमध्ये की दिव्यात? याचे उत्तर देणारे, हातात मावणारे एक उपकरण प्रकाशयोजना करणाऱ्यांजवळ असते. त्याला ते नुसते 'टेस्टर' म्हणतात.

जुन्या पद्धतीत प्रत्येक डिमरला फलकाकडून स्वतंत्र तार येई. दिवे वाढले की तारांचा भारा होई. १९८६ साली अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने 'डीएमएक्स ५१२' ही संकेतप्रणाली ठरविली आणि एकाच केबलमधून ५१२ चॅनेलना आज्ञा देता येऊ लागल्या. कसे, ते पाहू.

गावातील दवंडी आठवा. दवंडीवाला सर्वांना एकच मजकूर ऐकवितो. ज्याच्या कामाचे जे असेल ते त्याने घ्यावयाचे. येथेही फलक ओळीने ५१२ संख्या 'ओरडतो'. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते : ० म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण प्रकाश. प्रत्येक दिव्याला आपला क्रमांक ठाऊक असतो. तेवढीच संख्या तो उचलतो. एका संख्येस ४४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून सर्व ५१२ चॅनेलची एक फेरी सुमारे २३ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ वेळा पुरी होते.

मात्र मूळ प्रणालीत हा निरोप एकतर्फी आहे. दिवा 'ऐकले' असे उलट सांगत नाही. फलकाला वाटते, आज्ञा दिली. दिवा मात्र अंधारातच. म्हणूनच मध्ये कोणीतरी कान लावावा लागतो. तो कान म्हणजे टेस्टर.

टेस्टर दोन कामे करतो. केबलला जोडला की कोणत्या चॅनेलवर कोणती संख्या येत आहे ते दाखवितो. आणि फलक बाजूला ठेवून स्वतःही संख्या पाठवू शकतो. टेस्टरच्या आज्ञेने दिवा लागला, तर दिवा निर्दोष. दोष मागे आहे.

केबल एका दिव्यातून दुसऱ्यात अशी साखळीने जाते. साखळीत केबलचे १६ तुकडे असून एक तुटका असेल, तर पहिल्यापासून तपासत बसू नये. आठव्या तुकड्याच्या शेवटी टेस्टर लावावा. निरोप येत असेल तर दोष पुढील आठांत, नसेल तर मागील आठांत. पुढे चार, दोन, एक. चार चाचण्यांत तुटका तुकडा सापडतो.

कधी केबल चांगली असते, पण क्रमांक चुकलेला असतो. एका दिव्याला चार चॅनेल लागतात आणि त्याचा क्रमांक १ आहे, तर पुढचा दिवा ५ वर हवा. तो ४ वर ठेवला, तर पहिल्याचा शेवटचा रंग वाढविताच दुसऱ्याचा पहिला रंगही वाढेल. दिवे अधूनमधून लुकलुकत असतील, तर साखळीच्या शेवटी १२० ओहमचा रोध लावला आहे का ते पाहावे. तो नसल्यास केबलच्या मोकळ्या टोकावरून संकेत परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतो.

टेस्टरची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी. तो निरोप तपासतो, वीजपुरवठा नव्हे. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभ्या राहिलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचे, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत फार मोठे नुकसान झाले. आगीचे कारण काहीही असो, नाट्यगृह किती जपावे लागते हे त्या रात्रीने सर्वांना दाखविले. टेस्टरवर सर्व संख्या बरोबर दिसल्या, तरी तापलेली तार किंवा सैल जोड त्यात दिसणार नाही. स्नेहसंमेलनाच्या मंचावर ती तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावी.

वर्गात करून पाहा : आठ मुलांना १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी कार्डे देऊन ओळीत उभे करा. कार्ड वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. सर्व कार्डे वर असताना बेरीज किती? निम्म्या प्रकाशासाठी कोणी हात वर करावा? आठ मुलांत २५६ पायऱ्या कशा मावतात, हे मुलांना स्वतःच मोजू द्या.